ह्यूरावांची शोकसभा

शोकसभा कशी घ्यावी, हे नरेंद्रकाकांना कोणी शिकवू नये! नाशिकला गंगापूर रोडच्या सोसायटीत सतरा वर्षं सेक्रेटरी होते ते. त्या सतरा वर्षांत सोसायटीतली एकेचाळीस माणसं गेली आणि एकेचाळीस शोकसभा काकांनी घेतल्या. सतरंजी, फोटो, हार, दोन मिनिटं स्तब्धता, आणि मग काकांचं भाषण. भाषण असं, की गेलेल्या माणसाच्या बायकोलाही प्रश्न पडायचा, हे इतके चांगले कधी होते?

"माणूस कसाही असो, सात मिनिटांत देवमाणूस करून देतो!" काका सांगायचे.

"आणि तुमची वेळ येईल तेव्हा कोण बोलणार?" अडतीस वर्षं संसार केलेल्या पद्मजाकाकू विचारायच्या.

"ते मी लिहून ठेवलंय!"

तर असे हे काका यंदा मे महिन्यात काकूंना घेऊन सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले. लेक अंतरा आणि जावई निमिष रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. घर मोठं, झाडी दाट, हवा गार. सगळं छान! पण पहिल्याच संध्याकाळी काकांना धक्का बसला. रात्रीचे आठ वाजलेले, आभाळात लख्ख उजेड, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"अंतरा, संचारबंदी आहे का गं?"

"नाही हो बाबा. सगळे घरात आहेत. इथे असंच असतं."

"उजेडात? नाशिकला या वेळी लोक भेळ खायला निघतात!"

ही खंत समजून घेणारा एकच माणूस त्या गल्लीत निघाला. समोरच्या घरातले ह्यू. मूळचे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचे. चाळीस वर्षांपूर्वी इकडे आले, विमानांच्या कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. लेक केटी दोन तासांवर राहते. घरात एकटेच. काकांनी तिसऱ्याच दिवशी त्यांना 'ह्यूराव' करून टाकलं आणि काकू त्यांना भावजी म्हणायला लागल्या.

रोज सकाळी सातला दोघं तळ्याभोवती फिरायला जायचे. चालायचे दोन मैल, सल्ले द्यायचे वीस मैलांचे! ह्यूराव म्हणाले, "पावसात छत्री घेऊ नकोस, इथे छत्री फक्त पाहुणे वापरतात." काका भिजले, तीन दिवस शिंकले. काकांनी सांगितलं, "झोपताना तळपायांना तेल चोळा, शांत झोप लागते." ह्यूरावांनी स्वयंपाकाचं ऑलिव्ह ऑइल चोळलं आणि बाथरूममध्ये सपाटून आपटले. तरी दोघंही सल्ला द्यायचे थांबले नाहीत. मैत्री जमली ती अशी.

"शुक्रवारी रात्री आमच्या ग्लासगोला ये!" ह्यूराव तळ्याकाठी थांबून हातवारे करत सांगायचे. "दहा वाजता माणसं घराबाहेर पडतात. गल्लीगल्लीत गाणी! अनोळखी माणूस गळ्यात हात टाकून तुला त्याची जन्मकहाणी सांगेल. रात्री दोन वाजता बटाट्याच्या गरम गरम चिप्स खात अख्खा रस्ता गात गात घरी जातो!"

"आणि पोलीस?"

"ते पण चिप्सच्या रांगेत!"

इथे दहा वाजता माणसं दात घासून झोपलेली असतात, याचं ह्यूरावांना फार वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी आपल्यापुरतं ग्लासगो आपल्या गॅरेजमध्येच उभं केलं होतं. दर शुक्रवारी चार पेन्शनर मित्र यायचे. एकाकडे फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, एकाकडे ढोलकं, ह्यूराव अकॉर्डियन वाजवणार आणि बाकीचे गाणार. रात्री अकरापर्यंत!

आणि त्या गॅरेजच्या बरोब्बर समोर काकांच्या खोलीची खिडकी.

काकांची झोपायची वेळ साडेनऊ. पहिला शुक्रवार त्यांनी कौतुकात काढला, दुसरा उशीखाली डोकं घालून. तिसऱ्या शुक्रवारी मात्र सतरा वर्षं सेक्रेटरी राहिलेला हात शिवशिवायला लागला. इथल्या सोसायटीची कमिटी असते, तिला एचओए म्हणतात. तिच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म, आणि फॉर्मवर एक चौकट: 'नाव गुप्त ठेवा.' काकांनी चौकटीत टिचकी मारली आणि अस्सल सेक्रेटरी-इंग्रजीत पाच ओळी ठोकून दिल्या.

आठवड्यात ह्यूरावांना नोटीस. शुक्रवार बंद!

पुढच्या सोमवारी तळ्याकाठी ह्यूरावांनी एकही सल्ला दिला नाही. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाले, "नॅरेन, बायको गेल्यापासून मी सहा दिवस शुक्रवारची वाट बघायचो. ज्याने लिहिलं त्याने दार वाजवून सांगितलं असतं, तर मी आठला बंद केलं असतं रे. लपून कशाला लिहायचं?"

काका बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. सांगावं? आत्ता सांगावं? तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं, "कोण असेल बुवा असला नीच माणूस!"

त्या दिवसापासून काकांना शांत रस्त्यावरही झोप येईना. उद्या सांगू, उद्या नक्की सांगू, असं करत दोन आठवडे गेले. आणि तिसऱ्या आठवड्यात ह्यूराव फिरायलाच आले नाहीत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, पत्ता नाही. घराला कुलूप. फोन उचलत नाहीत.

"लेकीकडे गेले असतील," काकू म्हणाल्या.

"न सांगता?"

शनिवार उजाडला. अंतरा, निमिष आणि नऊ वर्षांची उर्वी सकाळीच पोहण्याच्या स्पर्धेला गेली. "सहापर्यंत येतो, मग आपल्याला एके ठिकाणी जायचंय, तयार राहा," एवढंच अंतरा म्हणाली. कुठे ते सांगितलं नाही. काकांच्या पोटात काही राहत नाही, असा तिचा समज होता!

दुपारी चार वाजता काका खिडकीत चहा घेत बसले होते. ह्यूरावांच्या दारात एक गाडी थांबली. मग दुसरी, मग पाचवी. उतरणारा प्रत्येक माणूस काळ्या कपड्यात! काळे सूट, काळे झगे, एका बाईंच्या तोंडावर तर काळी जाळी. हातात पांढरी फुलं. काकांचा कप हातातच राहिला. मग एक मोठी व्हॅन आली. मागचं दार उघडलं. आणि दोन माणसांनी आतून काढली ती सहा फुटी, काळी, पितळी कड्यांची शवपेटी!

"पद्मजा!" काका ओरडले. "पद्मजा, ह्यूराव गेले!"

काकू लाटणं घेऊन धावत आल्या. खिडकीतून बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "अहो... पेटी! अगंबाई, परवा परवापर्यंत चांगले होते हो! माझं पिठलं मागून मागून खाल्लं त्यांनी!"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एकेचाळीस शोकसभा घेतलेला माणूस, पण कधी एक टिपूस काढलं नव्हतं. "पद्मजा, मी पापी आहे गं. ती तक्रार मीच केली होती."

काकूंचं रडणं थांबलं. "कसली तक्रार?"

"शुक्रवारच्या गाण्यांची."

"तुम्ही? तुम्ही केलीत?" काकूंना मृत्यूपेक्षा हा धक्का मोठा बसला. "आणि त्या दिवशी तळ्यावरून आल्यावर माझ्यासमोर नीच माणूस, नीच माणूस म्हणत होतात ते?"

"माझ्याबद्दलच बोलत होतो गं!"

अंतराला फोन लावला. बंद. निमिषचा बंद. शेवटी काकांनी अरुणकाकांना फोन लावला. अरुणकाका म्हणजे पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर, पस्तीस वर्षं अमेरिकेत. इकडच्या चालीरीतींची त्यांना खडान्‌खडा माहिती. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, भारतीय वस्तीच्या आयसेलिन गावात लेकीकडे गेले होते आणि त्या क्षणी दुकानात चकल्या घेत होते.

"पेटी घरी आणली?" अरुणकाकांना नवल वाटलं. "इथे सहसा घरी नाही आणत... पण स्कॉटिश ना? त्यांच्याकडे जुन्या लोकांत घरी ठेवायची पद्धत आहे म्हणे. तुम्ही जा. आणि ऐका, इथे आठवणी सांगतात. लोक हसतात, ड्रिंक्स घेतात. सेलिब्रेशन ऑफ लाइफ म्हणतात त्याला. दचकू नका!"

या एका सल्ल्याने पुढचा सगळा घोळ पक्का केला.

"मयताच्या घरी चूल पेटत नाही," काकूंनी पदर खोचला. "पहिलं जेवण शेजारच्यांनी द्यायचं असतं. या लोकांना कोण देणार? चिप्स खातील बिचारे." आणि त्यांनी पातेलंभर पिठलं टाकलं, लसणाची चरचरीत फोडणी देऊन, सोबत भात. काका पांढरा झब्बा-लेंगा आणि पांढरी टोपी घालून आले. काकू पांढरी साडी नेसल्या. कुंकू बारीक केलं. साडेपाच वाजता दोघं रस्ता ओलांडून गेले, चपला पायरीपाशी काढल्या आणि खाली मान घालून दारात उभे राहिले. बेल वाजवली नाही. अशा घरी बेल वाजवत नाहीत.

दार केटीनेच उघडलं. या दोघांना बघून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "ओ माय गॉड! यू गाइज आर परफेक्ट!" आणि काकूंना पातेल्यासकट मिठी मारली.

"दुःखाने भ्रमिष्ट झाली पोर," काकू पुटपुटल्या.

आत बघतात तो काय! छताला काळे फुगे. टेबलावर काळा केक. चाळीस माणसं काळ्या कपड्यात, हातात ग्लास, आणि खो खो हसतायत! मधोमध ती पेटी, झाकण उघडं, आणि आत ह्यूराव. काळा सूट, चेहरा पांढराफटक, हात छातीवर. पेटीच्या कडेवर कोणीतरी सालसाची, म्हणजे टोमॅटोच्या चटणीची, वाटी ठेवली होती. एक तरुणी पेटीशी वाकली, ओठांचा चंबू केला आणि ह्यूरावांबरोबर सेल्फी काढला!

"अहो!" काकूंनी काकांचा दंड धरला. "अहो, ही माणसं आहेत की कोण?"

"पद्धत आहे त्यांची," काका म्हणाले. सालसाची वाटी त्यांनी उचलून खिडकीत नेऊन ठेवली. कोणीतरी ती परत आणून पेटीवर ठेवली.

फिडलवाला पेन्शनर माइक घेऊन उभा होता. त्याचं बोलणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. शोकसभेत शिट्ट्या! मग त्याचं लक्ष काकांकडे गेलं. "आणखी कोण बोलणार? तुम्ही सर, टोपीवाले?"

हाकेसरशी सतरा वर्षांचा सेक्रेटरी जागा झाला. काका पुढे गेले, माइक घेतला, घसा साफ केला. इंग्रजीच बोलले, पण चाल अस्सल गंगापूर रोडची.

"सर्वप्रथम आपण सगळे उभे राहून दोन मिनिटं स्तब्ध राहू या."

सगळे हसले. मग काकांचा चेहरा बघून खरंच स्तब्ध झाले. कोपऱ्यात कोणाला तरी फिस्सकन हसू फुटलं, शेजारच्याने त्याला कोपर मारलं. काकू पातेलं धरून पेटीशी उभ्या होत्या, झाकण जरा कललेलं. लसणाच्या फोडणीचा वास पसरला होता. आणि त्या शांततेत काकूंनी बघितलं, ह्यूरावांचं नाक हललं!

काकूंनी काकांचा झब्बा ओढला. काकांना वाटलं, हिला भरून आलंय. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. काकूंनी पुन्हा ओढला. नाक आता चांगलं फुरफुरत होतं.

"ह्यूराव," काका सुरू झाले, "या परक्या देशात तुम्ही माझे एकमेव मित्र होतात. तुम्ही छत्री सोडायला सांगितलीत, मी आजारी पडलो. मी तेल चोळायला सांगितलं, तुम्ही पडलात!" खोलीत हास्याचा स्फोट. अरुणकाकांनी सांगितलं होतं म्हणून काका दचकले नाहीत. पण रडू आवरेना. "मी आजवर एकेचाळीस शोकसभांत बोललो. खरं सांगतो, एकेचाळीस वेळा खोटं बोललो. आज खोटं बोलणार नाही. तुमच्या शुक्रवारची तक्रार मी केली! मी, तुमचा मित्र! तुम्ही म्हणालात, दार वाजवून सांगायचं होतं. दोन आठवडे मी रोज तुमच्या दारापर्यंत आलो आणि भिऊन परत गेलो. आज आलो तर तुम्ही ऐकायला नाही. मला माफ करा, ह्यूराव. शक्य असेल तर आज रात्री अकरापर्यंत अकॉर्डियन वाजवा, मी खिडकी उघडी ठेवीन!"

आता कोणी हसत नव्हतं. चाळीसच्या चाळीस माणसं काकांकडे बघत होती. फिडलवाल्याच्या हातातला ग्लास अर्ध्यावर थांबला होता.

आणि प्रेत उठून बसलं.

"नॅरेन!" प्रेत गरजलं. "तो तू होतास?"

काकूंनी अशी किंकाळी फोडली की तळ्यावरची बदकं उडाली असतील. पातेलं हातातून सुटलं आणि पावणेदोन किलो पिठलं थेट पेटीत, ह्यूरावांच्या मांडीवर! "हॉट! हॉट!" करत प्रेत पेटीतून बाहेर उडालं. काका माइक धरून जागच्या जागी "राम राम राम राम" म्हणत होते, आणि ते स्पीकरवरून अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं.

नेमकी त्याच वेळी अंतरा दारातून आत शिरली. काळा ड्रेस, हातात प्रेझेंट, मागे निमिष आणि उर्वी.

"बाबा! हे काय घातलंय तुम्ही? आणि चपला बाहेर का आहेत?"

"अंतरा, ह्यूराव..." काकांनी पेटीकडे बोट दाखवलं. "ते गेले होते गं!"

"आजोबा, इट्स अ बर्थडे पार्टी!" उर्वी म्हणाली. "ही इज सेव्हन्टी!"

मग सगळा उलगडा झाला. इथे पन्नाशी, साठी, सत्तरी झाली की काही लोक म्हातारपणाची अशी काळी थट्टा करतात. काळे फुगे, खोटी पेटी, खोटी शोकसभा. मित्र उभे राहून उत्सवमूर्तीची टर उडवतात. केटीने बापाला आठवडाभर आपल्याकडे डांबून ठेवलं होतं, फोन काढून घेऊन, आणि त्याच दुपारी आणून चकित केलं होतं. अंतराला आमंत्रण महिन्यापूर्वीच आलं होतं.

"सत्तरीला आपल्याकडे ओवाळतात गं!" काकू पदराने घाम पुसत म्हणाल्या. "शांत करतात! पेटीत कसले घालता माणसाला, जिवंत?"

काका मात्र कोणाकडे बघत नव्हते. भोवती चाळीस माणसं, आणि सगळ्यांना कळलेलं, नीच माणूस कोण ते! एकेचाळीस शोकसभांत अशी फजिती झाली नव्हती. टोपी काढून ती हातात चुरगाळत ते उभे राहिले. "मी जातो," हळूच म्हणाले. "चल पद्मजा."

"थांब," ह्यूराव म्हणाले.

ते काकांसमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्याला पावडर, पँटला पिठलं. मग मांडीवरचं थोडं पिठलं बोटाने उचलून त्यांनी तोंडात टाकलं.

"लसूण छान लागलाय," ते म्हणाले. "नॅरेन, मी तासभर त्या पेटीत पडलो होतो. माझे चाळीस वर्षांचे मित्र बोलले. सगळे हसले. रडलास एकटा तू. तुझ्यावर फार रागावलोय मी. पण आता तुझी शिक्षा ऐक. शुक्रवार परत सुरू. आणि तू दर शुक्रवारी गॅरेजमध्ये येऊन बसायचंस. अकरापर्यंत! आणि गायचंस!"

काकांनी त्या पिठल्याने माखलेल्या माणसाला मिठी मारली. झब्बा वाया गेला. काकूंनी उरलेला भात वाढायला घेतला, आणि चाळीस माणसांनी काळ्या केकबरोबर तो खाल्ला.

शुक्रवार खरंच सुरू झाला. काका पहिल्या दिवशी लाजत लाजत बसले, दुसऱ्या शुक्रवारी टाळ्या वाजवल्या, तिसऱ्या शुक्रवारी तंबोऱ्याशिवाय नाट्यगीत आळवलं. ह्यूरावांनी अकॉर्डियनवर साथ करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. साडेअकरा वाजले तरी काका थांबेनात. "नाशिकला या वेळी मैफिलीला रंग चढतो!" असं त्यांनी ग्लासगोच्या माणसाला ऐकवलं.

चौथ्या आठवड्यात एचओएची पुन्हा नोटीस आली. गुप्त तक्रार. पण या वेळी तक्रारदाराने फार बारकाईने लिहिलं होतं: फिडलबद्दल काही म्हणणं नाही, अकॉर्डियन तर गोडच वाजतं. त्रास फक्त त्या टोपीवाल्या गृहस्थांचा आहे. ते प्रत्येक गाण्याच्या दुसऱ्या ओळीला पट्टी सोडतात, आणि गेली अडतीस वर्षं सोडत असावेत असं वाटतं.

काका नोटीस हातात नाचवत स्वयंपाकघरात आले. कानशिलं तापलेली. "बघितलंस? बघितलंस का पद्मजा? समोर येऊन सांगायची हिंमत नाही! कोण असेल असला नीच माणूस?"

काकू ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"शोधत बसू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या शोकसभेत सांगेन मी."